सहा पोती वाळू

मित्रांनो, जुना तर मी आहेच, पण आज माझी ओळख तेवढ्यावर थांबत नाही. मी एक मध्यम आकाराचा पिकअप ट्रक आहे आणि मिनेसोटातल्या टॅमरॅक नावाच्या गोठलेल्या तळ्याच्या मधोमध उभा आहे. माझं इंजिन काढून घेतलंय, गिअरबॉक्स काढून घेतलाय, बॅटरी काढली, तेल-पाणी सगळं निथळून घेतलं. त्यामुळे मी जे काही सांगेन ते थंड डोक्याने सांगेन. दुसरा इलाजच ठेवलेला नाही.

काठावरच्या खांबावर एक घड्याळ आहे आणि घड्याळापासून माझ्या बंपरपर्यंत एक दोरी आहे. मी बुडालो की दोरी ताणली जाईल आणि घड्याळ बंद पडेल. ती वेळ ज्याने सगळ्यात जवळची लिहून दिली असेल त्याला बक्षीस. अग्निशमन दलाच्या मदतीसाठी गावात हा खेळ दर वर्षी होतो. मागच्या वर्षी माझ्या जागी एक छोटी लाल मोटार होती. ती सत्तावीस मार्चलाच गेली. तिला कशाचीच हौस नव्हती. आज नऊ एप्रिल आहे. ज्यांनी चिठ्ठीवर मार्च लिहिला होता ते लोक आता माझ्याकडे बघून मान फिरवतात.

माझी मागची चाकं ओली झाली आहेत, म्हणून भराभर सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्माच्या वेळी कुणालाही वेदना झाल्या नाहीत. शेवटी एका बाईंनी माझ्या मागच्या हुकाशेजारी एक पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं की या गाडीने मागे बांधून साडेतीन हजार पौंडांपेक्षा जास्त ओढू नये. माणसांना अशी पट्टी चिकटवत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे लोक काहीही बांधतात. मला पट्टी होती. तिचा उपयोग काय झाला, ते पुढे येईलच.

मागच्या चाकांवर मला पोलादाचे लांब पाटे दिले, एकावर एक रचलेले. हे पाटे ओझ्यासाठी असतात. ओझं असलं की ते जरासे वाकतात आणि गाडी मऊ चालते. ओझं नसलं की ते ताठ राहतात आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा माणसाच्या मणक्यात नेऊन पोचवतात. म्हणजे मी रिकामा असतो तेव्हा सगळ्यात वाईट वागतो. यात माझा दोष नव्हता, तरी मला लाज वाटायची.

मला लाइल स्कोगस्टाड नावाच्या माणसाने घेतलं. तो जिल्ह्याच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, चालवायचा. तीस वर्षं त्याने लोकांच्या दारातले खड्डे सपाट केले आणि स्वतःच्या घराकडे जाणारा रस्ता तसाच ठेवला, कारण आधी आपल्या रस्त्याला हात लावणं बरं दिसलं नसतं. ‘बरं दिसत नाही’ हा इथला कायदा आहे. बाकीचे कायदे नंतर आले.

त्याच कायद्यात एक कलम असं आहे की कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर हो म्हणायचं. पहिल्यालाच हो म्हणणारा अधाशी. दोनदाच विचारून थांबणारा मनातून देणारा नव्हताच. या पद्धतीमुळे केकचा शेवटचा तुकडा इथे दोन-दोन दिवस ताटलीत पडून राहतो आणि सगळे त्याच्याकडे बघत कॉफी पितात.

पहिली दहा वर्षं मी भरपूर काम केलं. जळाऊ लाकूड आणलं, पत्र्याची नाव ओढली, शिकारीच्या दिवसांत हरणं वाहिली, एकदा चर्चचा पियानो पण नेला. पियानो असताना मी फार मऊ चाललो. उतरवून परत येताना लाइलची टोपी छताला लागली. तरी तो म्हणाला, “वाईट नाही.” इथे याहून मोठं कौतुक नाही. लग्नात नवऱ्यामुलीलाही एवढंच म्हणतात.

मग लाइलची बायको मार्लिस पायरीवरच्या बर्फावरून घसरली. मार्लिस शाळेत स्वयंपाक करायची, पाचशे पोरांना एका हाताने वाढायची. तिचा मणका दुखावला आणि डाव्या पायातली ताकद गेली. दर गुरुवारी साठ मैलांवर ड्यूलुथला उपचारासाठी जायचं ठरलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “पाय परत येतोय. मे महिन्यापर्यंत एकही गुरुवार चुकवायचा नाही. मध्ये खंड पडला तर पाय आहे तिथेच थांबेल, आणि मग मला विचारू नका.”

आता प्रश्न असा की जायचं कशात. मोटारीत बसायला वाकावं लागे, ते तिला जमेना. मोठ्या ट्रकमध्ये चढायला शिडी लागली असती. माझी सीट मात्र बरोबर तिच्या कंबरेच्या उंचीची होती. पाठ करायची, टेकायचं, वळायचं. चार सेकंदांत मार्लिस आत. मित्रांनो, मी मध्यम आकाराचा असण्याचा कुणाला एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

पण मी रिकामा होतो. पहिल्या गुरुवारी साठ मैल तिने हातमोजा दातांत धरला. परत आल्यावर मोज्याला भोकं होती.

दुसऱ्या दिवशी लाइलने कॉफीचा कप काठोकाठ भरला, तिच्या सीटवर ठेवला आणि मला त्याच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून नेलं. कॉफी सांडली. मग त्याने माझ्या पाठीवर वाळूचं एक पोतं टाकलं, नवा कप भरला, पुन्हा नेलं. सांडली. दोन पोती. तीन. पोतं इंचभर पुढे, इंचभर मागे. टायरमधली हवा थोडी कमी. पाचव्या पोत्याला चारच थेंब सांडले. सहाव्याला, बरोबर मागच्या चाकांच्या कण्यावर ठेवल्यावर, कप तसाच्या तसा परत आला. तो लाइलने पिऊन टाकला. थंडगार होता.

सीटवर सहा डाग पडले. मार्लिसने ते पाहिले, मोजले, आणि ती काहीच बोलली नाही. इथे याला सुखाचा संसार म्हणतात.

पुढच्या गुरुवारी तिला वाटेत झोप लागली. जाग आल्यावर तिने विचारलं, “लाइल, पूल आला का रे?”

“कधीच गेला.”

“मला कळलं नाही.”

लाइलने माझ्या डॅशबोर्डवर दोन बोटं टेकवली. एवढंच. त्या दिवशी मी वाटेल ते ओढलं असतं, आणि नेमकं हेच चुकलं.

मार्लिसचा धाकटा भाऊ ड्वेन याच्याकडे प्रचंड ट्रक होता आणि प्रचंड ट्रकला शोभेल असा महाल होता. महाल म्हणजे चाकांवरची खोली. हिवाळ्यात ती ओढून तळ्यावर न्यायची, खाली उतरवायची, खोलीच्या जमिनीतल्या भोकांतून बर्फ पोखरायचा आणि पलंगावर पडल्या पडल्या गळ टाकायचा. ड्वेनच्या महालात चार पलंग, शेगडी, टीव्ही आणि संडास होता. मासे लागत नसत. पण त्यासाठी कोण जातं?

मार्चमध्ये ठरलेल्या सोमवारपर्यंत सगळ्या खोल्या तळ्यावरून काढाव्या लागतात, नाहीतर सरकारी नोटीस येते. आदल्या आठवड्यात ड्वेनने ट्रक हरणावर घातला. हरीण गेलं, ट्रक दुरुस्तीला गेला आणि महाल तळ्यावर राहिला. रविवारी ड्वेन बहिणीकडे जेवायला आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच उभा होतो.

“दाजी, तुमची गाडी म्हणजे उशी आहे उशी,” ड्वेन तोंडात बटाटा ठेवून म्हणाला. “ताईला झोप लागते म्हणे. छान. पण उशीने कधी कुणी घर ओढलंय?”

“तिला ओढायला सांगितलंय का कुणी?” मार्लिस म्हणाली. “जेव गुपचूप.”

जेवण झालं. ड्वेन उठला. इथे पाहुणा उठला की त्याला निघायला पाऊण तास लागतो. आधी टेबलाशी निरोप, मग दाराशी, मग गाडीशी. टेबलाशी लाइल म्हणाला, “महालाचं काय करतोस? ओढून देऊ का?”

“छे, तुम्ही कुठे त्रास घेता.”

दाराशी लाइल म्हणाला, “नाही, खरंच. देतो ओढून.”

“राहू द्या हो दाजी. गाडी लहान तुमची.”

आतून मार्लिस जोरजोरात मान हलवत होती. लाइलने ती पाहिली. पण तो दोनदा विचारून बसला होता. आता थांबलं तर ‘बरं झालं नको म्हणालास’ असंच झालं असतं. शिवाय गाडी लहान हे त्याला लागलं. मला पण लागलं, पण मला कोण विचारतो.

ड्वेनने उसन्या आणलेल्या मोटारीशी पोचल्यावर लाइल म्हणाला, “बघ हं. शेवटचं विचारतो.”

ड्वेनने किल्ली खिशात टाकली. “एवढं म्हणताच आहात, तर...”

तो गेल्यावर मार्लिस काठी टेकत पायरीवर आली. “महाल किती वजनाचा आहे?”

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“पाच हजार. भांडी सोडून.”

“आणि याला किती चालतं?”

“साडेतीन.”

“मग फोन करून नाही सांग.”

“आता कसं सांगू? तीनदा विचारलंय मी.”

“माझा गुरुवार आहे, लाइल.”

“गुरुवारला काय होतंय? सोमवारी ओढतो, मंगळवारी धुतो, गुरुवारी जातो.”

सोमवारी आम्ही तळ्यावर गेलो. महालाचा दांडा हुकावर बसताच माझी पाठ खाली आणि नाक वर झालं. ओझं कमी करायला लाइलने सहाही पोती उतरवून काठावर ठेवली. महाल बर्फात घट्ट बसला होता. लाइलने पहारीने तो सोडवला आणि ड्वेनने उभं राहून मार्गदर्शन केलं. मग लाइलने मला गिअरमध्ये टाकलं.

मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मी जितका मऊ चाललो तितका कधीच चाललो नव्हतो. पाटे वाकता वाकता उलटे झाले होते. कपभर कॉफी काय, भरलेली बादली सांडली नसती. सपाट बर्फावर मी ते घर ओढलं. पण तळ्यावरून काठावर यायला चढ आहे.

“येतंय, येतंय! दाबा, दाजी!” ड्वेन ओरडत होता. अर्ध्या चढावर तो म्हणाला, “दाजी, जळल्याचा वास येतोय.”

“बरं चाललंय,” लाइल म्हणाला.

माझं गिअरचं तेल उकळत होतं. धूर खिडकीतून आत येत होता. लाइलच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इथे आग लागली तरी घरमालक ‘बरं चाललंय’ म्हणतो, म्हणूनच तर अग्निशमन दलाला एवढी मदत लागते. चढाच्या शेवटच्या हातभर जागेत माझा डाव्या बाजूचा मुख्य पाटा तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. धक्क्याने सांगाडा पिळवटला आणि मार्लिसच्या बाजूचं दार चौकटीत रुतलं. महाल काठावर आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्वेन माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, “मानलं उशीला!” कुणीतरी फोटो काढला. आयुष्यातलं माझं सगळ्यात मोठं कौतुक ते, आणि ते चुकीच्या कामासाठी झालं.

गुरुवारी सकाळी मार्लिस कोटाची बटणं लावून आली. लाइलने दार हिसका देऊन उघडलं. पाठ केली, टेकली, वळली, चार सेकंद. लाइलने किल्ली फिरवली, गिअर टाकला. इंजिन ओरडलं. मी हललो नाही. त्याने पुन्हा टाकला. मी पुन्हा हललो नाही.

मार्लिस समोर बघत म्हणाली, “आज तर धक्का अजिबातच लागत नाहीये.”

तिच्या तोंडून मी ऐकलेला एवढा एकच टोमणा. लाइल अजून त्याच्यातून उठलेला नाही.

माझ्या वयाचा गिअरबॉक्स मिळायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात शेजाऱ्यांच्या मोटारीत बसून पाहिलं, तिला वाकता आलं नाही. ड्वेनचा ट्रक दुरुस्त होऊन आला. खोक्यावर उभी करून तिला चढवली. पण त्याचे पाटे माझ्या तिप्पट ओझ्यासाठी बनवलेले. पहिल्या वळणावरूनच तिने गाडी परत फिरवायला लावली. असे तीन गुरुवार गेले.

चौथ्या गुरुवारी मी चालायला लागलो. पण एका बाजूला नवा पाटा, दुसऱ्या बाजूला जुना. मी तिरका झालो होतो. लाइलने पुन्हा कपाची परीक्षा घेतली. सहा पोती, आठ, दहा. प्रत्येक वेळी सांडली. डाग मोजायचे सोडून दिले, सीटच तपकिरी झाली. ड्यूलुथच्या डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला आणि सांगितल्याप्रमाणे कुणालाही काही विचारू दिलं नाही. पाय होता तिथेच थांबला होता.

मे महिन्यात मार्लिसने ड्यूलुथला बहिणीकडे, आर्डिसकडे, राहायला जायचं ठरवलं. तिच्या इमारतीला लिफ्ट होती आणि दवाखाना समोर होता. ड्वेन चर्चची व्हॅन घेऊन आला. मी तिथेच तिरका उभा होतो, मी सगळं पाहिलं.

पायरीवर लाइल म्हणाला, “राहतेस का? बघू काहीतरी.”

“नको. तुझी धावपळ होते.”

व्हॅनमध्ये बॅग ठेवून तो म्हणाला, “राहा ना.”

“नको रे. आर्डिसने खोली लावून ठेवलीय.”

मार्लिसला बसायला चार सेकंद लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी ती व्हॅनच्या दाराला हात लावून कितीतरी वेळ उभीच राहिली. लाइलच्या तोंडाकडे बघत. मला कळत होतं ती कशाची वाट बघतेय. मी त्याच रस्त्यांवर वाढलोय.

ड्वेनने हॉर्न दाबला. “दाजी, सोडा आता! मला चारला परत यायचंय.”

“बरं,” लाइल म्हणाला. मार्लिस बसली.

नंतर मला शेडच्या मागे लावलं. पाटे गंजले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. जानेवारीत लाइलने मला अग्निशमन दलाला देऊन टाकलं. विकलेल्याला तक्रार करता येते, दान केलेल्याला येत नाही. त्यांनी माझ्यातलं सगळं काढून मला इथे आणून ठेवलं. आणून कुणी ठेवलं? ड्वेनच्या ट्रकने. बुडाल्यावर साखळीने बाहेर ओढणारही तोच आहे.

तर आज दुपारी, पातळ बर्फावर पाऊल ठेवू नये अशी पाटी ओलांडून, लाइल लहान मुलांची घसरगाडी ओढत माझ्याकडे आला. त्याने तीन खेपा केल्या. प्रत्येक खेपेला दोन पोती. ती त्याने माझ्या पाठीवर बरोबर मागच्या कण्यावर ठेवली. एक इंचभर पुढे सरकवलं. मग मार्लिसच्या बाजूचं रुतलेलं दार खांद्याने उघडून तिच्या सीटवर बसला आणि खिशातला फोन काढला.

“मार्लिस.”

“लाइल? आज काय, रविवार नाहीये.” फोनचा आवाज मोठा होता. लाइलला हल्ली कमी ऐकू येतं.

“गाडीत वाळू घातली. सहा.”

“बुडायच्या गाडीत? कशाला?”

“रिकामी आदळली असती.”

मार्लिस म्हणाली, “वाईट नाही.”

लाइलने टोपी काढली. “ये परत.”

“नको रे. पायऱ्या आहेत तिथे.”

“पायऱ्या काढल्या. लाकडाची उतरण केलीय. रस्ताही केला सपाट, आपला. ये.”

“नको. तुला माझी उठबस होणार नाही.”

लाइलने श्वास घेतला. मी पाहिलं, तिसरा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. आणि तेवढ्यात माझ्याखालचा बर्फ तडकला. मित्रांनो, तीन महिने ज्याने मला पेललं त्याला सहा पोती आणि एक लाइल जास्त झाला. माझी पाठ वीतभर खाली गेली. दार पुन्हा रुतलं होतं. ते ढकलायला दोन्ही हात लागतात, म्हणून लाइलने फोन सीटवर ठेवला. दार उघडलं. तो घसरगाडीवर पालथा पडला आणि हातांनी बर्फ ढकलत काठाकडे गेला. पोचला. सुखरूप आहे. काठावर आता सगळं गाव जमलंय, चिठ्ठ्या काढून घड्याळाकडे बघतंय.

फोन इथे सीटवर आहे.

“लाइल?” त्यातून आवाज येतोय. “लाइल, आहेस का? ... दोनदा झालं हं तुझं.” आणि मग, जरा हळू, “मी थांबलेय.”

मला हॉर्न नाही. बॅटरीच नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी गाडीची काळजी घ्या असं सांगायचं असतं. घ्या. तेल बदला, हवा तपासा, हुकाशेजारची पट्टी वाचा आणि वाचल्यावर तिचं ऐका. जे झेपत नाही ते ओढून देतो असं म्हणालाच असाल तर फोन करून नाही सांगा, चारचौघांत बरं दिसलं नाही तरी चालेल. आणि जे माणूस खरंच हवं आहे त्याला दोनदा विचारून थांबू नका. माझी एवढी एकच विनंती आहे, आणि ती तुम्हालाच करतोय, कारण काठापर्यंत माझा आवाज पोचत नाही.

लाइलच्या घरी भिंतीवर दुसरा फोन आहे. चालत सात मिनिटं. तो आत्ता निघाला तर मार्लिस अजून फोनजवळच असेल. पण तो काठावर उभा आहे, टोपी हातात धरून. त्याचीच गाडी बुडतेय आणि सगळं गाव जमलंय. अशा वेळी मधूनच निघून जाणं बरं दिसत नाही.

पाणी सीटपर्यंत आलं आहे. धक्का अजिबात लागत नाहीये.